मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

पत्र (थोडं आटोपशीर करून):

“ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. उधळे नाही. उलट मला घरात ‘चिकट’ म्हणून चिडवतात, कारण साधा साबण घ्यायचा तरी मी तीन ठिकाणचे भाव बघते. चार वर्षं रोजचा खर्च वहीत टिपते आहे, तरी महिनाअखेर हात कोरडाच. मागच्या महिन्यात नवऱ्याने नवा फोन घेतला, बिनव्याजी हप्त्यांवर. दुकानातच पाच मिनिटांत सह्या झाल्या, वर वाढीव वॉरंटीही घेतली. क्रेडिट कार्डावर आठ महिन्यांपासून थकबाकी आहे, पण किमान रक्कम आम्ही एकदाही चुकवलेली नाही. एक मुदत ठेव आहे, थकबाकीच्या साधारण दुप्पट. ती मोडायची म्हटलं की जिवावर येतं. वॉशिंग मशीन दोनदा दुरुस्त केलं, आता तिसऱ्यांदा बंद पडलंय. इतका पैसा घातल्यावर टाकवत नाही. आमचं चुकतंय कुठे? आणखी काटकसर कुठे करू?”

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आणखी काटकसर कुठेच करू नका. जिथे तुम्ही पिळताय तिथे आता पाणी उरलेलं नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. साबणाला तीन ठिकाणचे भाव आणि फोनच्या कर्जाला पाच मिनिटं. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. रागावू नका. बोळा तुम्ही उत्तम बसवलाय, चार वर्षं रोज तपासताही आहात. पण चोर मोरीतून येतच नाहीये.

यात तुम्ही एकट्या नाही. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक साधा प्रश्न विचारून पाहिला होता. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या शाखेत १० ला मिळतोय, जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न, फक्त कॅल्क्युलेटर १२५ चा आणि तिकडे १२०. आता जायला तयार २९ टक्केच. वाचणारे पाच तेच, वीस मिनिटं तीच. आपलं मन पैसे मोजत नाही, टक्का मोजतं. म्हणून साबणावरचे चार-दोन वाचले की जिंकल्यासारखं वाटतं आणि मोठ्या रकमेच्या सावलीत त्याच्या शंभरपट गेले तरी जाणवत नाहीत.

आता दरवाजाकडे चला.

सगळ्यात आधी कार्ड. बाकीचं सगळं पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल, हे या आठवड्यात करा. तुम्ही लिहिताय, “किमान रक्कम एकदाही चुकवलेली नाही”, आणि त्यात थोडा अभिमान आहे. मला तिथेच चर्र झालं. किमान रक्कम म्हणजे कर्ज फेडण्याची रक्कम नव्हे. दंड न होता कर्ज चालू ठेवण्याची ती रक्कम.

आकड्यांत बघा. कार्डाचा दर महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के धरू. तुमच्या कार्डाचे खरे आकडे बिलावर बारीक अक्षरात असतील, ते घालून करा. थकबाकी १०० होती. नवी खरेदी शून्य, किमान रक्कम दर महिन्याला वेळच्या वेळी. वर्षाअखेर तुम्ही मिळून ५५ भरलेले असतात. आणि थकबाकी उरते ७७! म्हणजे ५५ भरून उतरले फक्त २३, बाकीचे ३२ व्याजाच्या खात्यात गेले. या वेगाने कर्ज निम्मं व्हायलाच ३२ महिने लागतात, आणि तेही कार्डाला हात न लावता.

दर महिन्याला ३ टक्के हा आकडा दिसायला गरीब आहे. वर्षाचे ३६, आणि चक्रवाढ धरली तर ४२ च्या पुढे. कागदाशिवाय हिशेब करायचा असेल तर ७२ ला दराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ साधारण तेवढा. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ साली छापलेल्या ग्रंथात हा आडाखा आहे, आणि पाचशे वर्षांत तो जुना झालेला नाही. वर्षाला ६ टक्क्यांची ठेव बारा वर्षांत दुप्पट होते. महिन्याला ३ टक्क्यांचं कर्ज काहीच न भरता ठेवलं तर चोवीस महिन्यांत.

आणखी एक गोष्ट, जी बिलाच्या मागच्या बाजूला छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. बहुतेक कार्डांवर मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला एरवी मिळणारी बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदी केली त्या दिवसापासून व्याजाचं मीटर चालू. तेव्हा तुमच्या साबणाचंच बोलू. तीन ठिकाणी फिरून १०० चा साबण तुम्ही ९० ला आणलात आणि पैसे याच कार्डाने दिलेत. बाकी तशीच राहिली तर चौथ्या महिन्यात तो साबण १०१ ला पडलेला असतो. पहिल्याच दुकानातून, भाव न विचारता रोख घेतला असतात तर स्वस्त पडला असता, आणि संध्याकाळ वाचली असती ती वेगळीच.

मग ठेव मोडायची का? मोडायची. अगदी निःसंकोच. एका खिशात वर्षाला ६ येतायत, दुसऱ्यातून ३६ जातायत. त्या ठेवीपायी दर शंभरामागे तुम्ही वर्षाला ३० भरताय, आणि त्याला आपण बचत म्हणतोय. मुदतीआधी मोडल्याबद्दल थोडं व्याज कापतील. बँकेत विचारून घ्या, पण ते कापणं या ३० पुढे काहीच नसतं. आणि ठेव थकबाकीच्या दुप्पट आहे म्हणताय, म्हणजे कर्ज फेडूनही निम्मी शिल्लक राहते. त्यात घरचा तीन महिन्यांचा खर्च निघतो का तेवढं बघा. निघत नसेल तर तेवढे बाजूला ठेवून उरलेले कार्डावर भरा आणि राहिलेली बाकी दोन-चार पगारांत संपवा.

जिवावर का येतं, तेही सांगते, कारण नुसता हिशेब दाखवून कुणी ठेव मोडत नाही हे मला माहीत आहे. आपल्या मनात पैशांचे वेगवेगळे डबे असतात. हा डबा ‘साठवलेले’, तो ‘घरखर्चाचे’, तो ‘कार्डाचे, ते बघू नंतर’. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने या डब्यांचाच अभ्यास केला, २०१७ चं नोबेलही मिळालं. डबे वाईट नसतात. साठवलेल्या डब्याला हात लावायचा नाही हा नियम होता म्हणूनच तुमची ठेव उभी राहिली. पण कर्जाच्या डब्यावर झाकण ठेवून साठवणीचा डबा पुसत बसणं हा त्या नियमाचा अतिरेक झाला. ठेव मोडताना तुम्हाला ‘साठवलेलं गेलं’ असं वाटेल. त्यावर एक उपाय करा. आज जी किमान रक्कम कार्डाला जाते, तेवढीच त्याच तारखेला नव्या ठेवीत जाऊ द्या. तुमच्या महिन्याला काहीच फरक पडणार नाही, कारण ते पैसे तसेही जातच होते. डबा मात्र पुन्हा भरायला लागेल.

कार्ड फेकून द्या असं मी म्हणत नाही. पूर्ण बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सूचना बँकेला द्या. ‘किमान’ नव्हे, ‘पूर्ण’. अर्जावर दोन्ही चौकोन शेजारी शेजारी असतात. नुसती छापलेली किमान रक्कमही माणसाचा हात आखडता करते. नील स्टुअर्ट यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या प्रयोगात (२००९) असं दिसलं, की बिलावर किमान रक्कम लिहिलेली असली की पूर्ण न भरणारे लोक एरवीपेक्षा कमी भरायला तयार होतात. आणि बाकी शून्यावर येईपर्यंत रोजची खरेदी रोखीने किंवा थेट खात्यातून करा.

आता फोन. बिनव्याजी हप्ता हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे, पण नेहमीच नाही. म्हणून सरसकट नाक मुरडू नका. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: “आत्ता सगळे रोख दिले तर कितीला द्याल?” उत्तर तेच आलं, वर कसलंही शुल्क नसलं, तर हप्ता खरोखर बिनव्याजी आहे, खुशाल घ्या. पण समजा हप्त्यांवर १०० ची वस्तू रोखीत ९० ला मिळत होती. मग तुम्ही ९० चं कर्ज घेऊन बारा महिन्यांत १०० फेडताय, आणि त्याचा खरा दर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास जातो. व्याज किमतीत आधीच घालून ठेवलेलं असतं, पावतीवर ते दिसत नाही इतकंच.

तुमच्या फोनच्या बाबतीत जे झालं ते झालं. सवलत असलीच तर ती गेली. आता ते हप्ते लवकर फेडायच्या मागे लागू नका, त्यात काही सुटत नाही. वेळेवर भरत राहा आणि जादा पैसा कार्डाकडे वळवा.

याच घराण्यातला दुसरा भामटा म्हणजे सपाट दर. पुढेमागे वाहनासाठी किंवा कशासाठी कर्ज घ्याल तेव्हा कामाला येईल म्हणून सांगते. १,२०,००० चं कर्ज, एक वर्ष, ‘फक्त १० टक्के’. व्याज १२,०००, हप्ता ११,०००. सरळ वाटतं ना? पण पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल परत करायला लागलेला असता. वर्षभरात सरासरी त्यांचे ६५,००० च तुमच्याकडे असतात, आणि व्याज मात्र पूर्ण १,२०,००० वर. घटत्या शिलकीवर मांडलं तर हे कर्ज सुमारे १८ टक्क्यांचं आहे. तेव्हा दर ऐकला की पुढचा प्रश्न: “सपाट की घटत्या शिलकीवर?” समोरचा अडखळला तर उत्तर मिळालंच.

वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत कडक आहे. बहुतेक वेळा घेऊ नये. यंत्रं बिघडण्याची एक रीत असते. अभियंते तिचा जो आलेख काढतात तो बाथटबच्या आकाराचा. मूळ दोष असला तर वस्तू सुरुवातीच्या दिवसांतच बंद पडते, आणि ते मूळ वॉरंटीत बसतं. मग काही वर्षं शांतता. मग झीज होऊन शेवटचे बिघाड. वाढीव वॉरंटी नेमकी त्या मधल्या शांततेवर विकली जाते. शिवाय विमा कशाचा काढायचा? ज्या नुकसानीने घर हलेल त्याचा. कमावत्या माणसाचं आयुष्य, मोठं आजारपण, राहतं घर. फोन गेला तर जीव हळहळेल, घर हलणार नाही. तुमच्या वॉरंटीच्या कागदावर रद्द करण्याची मुदत दिली आहे का ते आज बघा. मुदत शिल्लक असेल तर रद्द करून पैसे परत मागा. लाज कसली त्यात?

वॉशिंग मशीनचं दुखणं निराळं आहे. “इतका पैसा घातल्यावर टाकवत नाही” म्हणता, पण तो पैसा मशीनमध्ये नाहीच. तो दुरुस्त करणाऱ्याकडे गेला, आणि मशीन ठेवलंत किंवा विकलंत तरी परत येणार नाही. प्रश्न असा करून बघा. समजा शेजारणीने तिचं असंच, बंद पडलेलं, याच वयाचं मशीन तुम्हाला फुकट देऊ केलं, आणि दुरुस्तीचा खर्च तुमचा. घ्याल? ‘हो’ आलं तर दुरुस्त करा. ‘छे, मी कशाला’ आलं तर भंगारात. निर्णय करायच्या आधी कारागिराला एवढंच विचारा, की मागच्या दोन वेळचाच भाग गेलाय की दुसरा. एकच भाग तीनदा जात असेल तर मूळ दोष भलतीकडे आहे आणि आधीच्या दुरुस्तीची हमी अजून लागू असू शकते, जुन्या पावत्या शोधा. दर वेळी नवा भाग जात असेल तर यंत्राचं वय झालं.

साबणाबद्दल काही बोलत नाही. भाव बघायला आवडत असेल तर बघा, पण पाकिटावरची किंमत नाही, दर शंभर ग्रॅमला किती पडतो ते. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही, आणि कधी किंमत तीच ठेवून आतलं वजन गुपचूप उतरवलेलं असतं.

त्यापेक्षा एक संध्याकाळ खात्याचा वर्षभराचा उतारा घेऊन बसा आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा. हे मी अनुभवाने सांगते. एका सेवेचा ‘पहिला महिना मोफत’ मी घेतला होता. सल्ले देणारी बाई, मला काय होतंय! पुढचे चौदा महिने दर महिन्याला पैसे जात राहिले. मी ती सेवा वापरली असेल दोनदा. कळलं कधी, तर जुन्या कार्डाची मुदत संपली आणि त्यांची विचारणा आली तेव्हा. तुमच्या वहीत असली रक्कम कधीच सापडणार नाही, कारण वहीत आपण हाताने दिलेलं लिहितो.

म्हणून ती वही बंद करा, निदान तीन महिने. त्याऐवजी एक पान करा. घर, प्रत्येक कर्ज, विमे, वाहन, आपोआप कापलं जाणारं सगळं. प्रत्येकापुढे महिन्याचा नाही, वर्षाचा आकडा. हे निर्णय एकदाच घेतले जातात आणि मग वर्षानुवर्षं गुपचूप चालू राहतात. वर्षातून एकदा या पानावर दोघांनी बसायचं, त्या तीन दुकानांचा वेळ इथे लावायचा.

बचत महिनाअखेर उरेल त्यातून होत नसते, उरतच नाही, तुम्ही चार वर्षं बघताच आहात. पगाराच्या दिवशीच जाऊ द्या. आत्ता सोसत नसेल तर पुढच्या पगारवाढीतला अर्धा हिस्सा आजच नेमून ठेवा, हातात यायच्या आधी. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीत असाच मार्ग योजला होता, २००४ मध्ये त्याची आकडेवारी छापली. त्यात सामील झालेल्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात कधी आलेलाच नाही तो पैसा कमी झाला असं सहसा वाटत नाही.

शेवटी तुमच्या नवऱ्याविषयी. पत्रात तुम्ही त्याला दोष दिलेला नाही, पण ओळींच्या मधून तो डोकावतोय. हे उत्तर त्याच्यापुढे नाचवू नका. फोन त्याने घेतला, खरं, पण आठ महिने किमान रक्कम ‘आम्ही’ भरतो असं तुम्हीच लिहिलंय. फोनपेक्षा ती थकबाकी महाग आहे, आणि ती दोघांची आहे. बिल आणि ठेवीची पावती शेजारी शेजारी मांडा, दोन्हीवरचे व्याजाचे आकडे त्यालाच वाचायला सांगा, आणि गप्प बसा. गप्प बसणं जमलं तर पुढचं तोच बोलेल.

आणि मला एक कळवा. कार्डाच्या मागच्या आठ बिलांवर ‘व्याज’ या ओळीसमोर जे आकडे आहेत त्यांची बेरीज किती होते? वॉशिंग मशीनचा निर्णय त्या बेरजेनंतर करा. मला वाटतं, नव्या मशीनचा बराचसा पैसा तिथेच गेलेला सापडेल.